मावळांतील तळीं आणि खुद्री मासा

मावळच्या इतिहासाचें नांव काढलें कीं लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले आणि त्यांवर लढलेले मावळे आठवतात. त्याहून मागें जाणारा मनुष्य कार्ल्याच्या चैत्यगृहापाशीं किंवा भाज्याच्या लेण्यांपाशीं थांबतो. ह्या प्रांताच्या नद्यांविषयीं लिहितांना मात्र आपले इतिहासकार त्या कोठें उगम पावतात आणि कोणास मिळतात एवढें सांगून पुढें जातात. त्या पाण्यांत कोण राहत होतें, त्याचा शोध कोणीं व कसा केला, आणि पाणी अडविल्यावर त्याचें काय झालें, हे प्रश्न इतिहासाचे नव्हत, मासेमाऱ्यांचे होत, अशी समजूत दिसते. प्रस्तुत लेखांत अशाच एका माशाची हकीकत सांगण्याचा विचार आहे. इंग्रज शिकाऱ्यांनीं 'महसीर' म्हणून ज्याला डोक्यावर घेतलें त्या कुळांतला हा आपला दख्खनी मासा. शास्त्रीय ग्रंथांत त्याचें नांव टॉर खुद्री असें आहे. ह्यांतील 'खुद्री' हा शब्द लॅटिन नाहीं आणि ग्रीकहि नाहीं. तो आपल्याच नदीकांठच्या माणसांच्या तोंडचा आहे. तो त्या ग्रंथांत कसा जाऊन बसला हें पुढें येईलच.

ज्यांनीं हा मासा पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. अंगावर मोठीं व जाड खवलें, जाड मांसल ओठ, आणि त्या ओठांपाशीं मिशांच्या दोन जोड्या. पर निळसर झांकीचे. दांत तोंडांत नसून घशांत असतात, आणि त्यांनीं तो शिंपल्यासुद्धां भरडूं शकतो. किडे, शेवाळ, पाण्यांत गळून पडलेलीं फळें, लहान मासे, असें त्याला सर्व कांहीं चालतें. खाण्याच्या बाबतींत एवढा उदार असलेला हा प्राणी अंडीं घालण्याच्या बाबतींत मात्र अत्यंत हट्टी आहे. त्याला वाहतें, स्वच्छ, प्राणवायूनें भरलेलें पाणी आणि खालीं वाळू-खडीचा तळ हवा. ह्या हट्टावरच पुढची सर्व कथा उभी आहे.

मासा तळ्यांत आहे हें ठाऊक असणें निराळें आणि तो कोठें आहे हें ठाऊक असणें निराळें. उत्तर युरोपांत व उत्तर अमेरिकेंत हिंवाळ्यांत तळीं गोठतात, तेव्हां लोक बर्फास भोंक पाडून त्यांतून दोरी सोडतात आणि पर्च नांवाचा अंगावर आडवे पट्टे असलेला मासा धरतात. पाण्याचा एक चमत्कारिक धर्म असा कीं तें सुमारें चार अंश उष्णमानाला सर्वांत जड असतें. त्यामुळें अगदीं थंडगार पाणी बर्फाला लागून वर राहतें, आणि त्याहून किंचित् ऊबदार पाणी तळाशीं बसतें. पर्च कळपानें राहतात व पुष्कळदां तळाच्या आसऱ्यानें हिंडतात. म्हणून एका भोंकांत मासा लागला नाहीं तर शिकारी उठून दुसरें भोंक पाडतो, आणि एक मासा लागला तर तेथेंच बूड टेकतो. कारण जेथें एक तेथें अनेक. ह्या विद्येचें सर्वस्व एवढेंच कीं जें दिसत नाहीं त्या तळाचा नकाशा मनांत धरावयाचा आणि ऋतु ओळखावयाचा.

आमच्या मावळांत बर्फ नाहीं. परंतु तळाचा नकाशा आणि ऋतूची ओळख ह्या दोन गोष्टी येथेंहि तितक्याच लागतात. तिकडे जें काम थंडी करते तें इकडे पाऊस करतो. लोणावळ्यास वर्षाकाठीं सरासरी पावणेदोनशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. मृगाच्या किंवा आर्द्राच्या मोठ्या पावसानें ओढे वाहूं लागले कीं नदींतले मासे प्रवाहाच्या उलट चढूं लागतात. ओढ्यांत शिरतात, कांहीं तर भातखाचरांपर्यंत येतात, आणि तेथें अंडीं घालून परततात. ह्यास कोंकणांत व घाटाच्या बाजूस वळगण म्हणतात. दक्षिणेकडे 'चढणीचे मासे' असा शब्द आहे. ज्याला एरव्हीं गळ कसा धरावा हेंहि कळत नाहीं असा मनुष्यसुद्धां वळगणीच्या रात्रीं टोपली भरून घरीं येतो. मासा शोधण्याची गरजच नसते. तो आपण होऊन पायांशीं येतो. गरिबाच्या घरीं त्या दिवशीं सण असतो ह्यांत शंका नाहीं, परंतु पोटांत अंडीं असलेल्या मादीला त्या एका रात्रीं उचलणें म्हणजे पुढच्या सालचें बियाणें दळून खाणें होय, हेंहि तितकेंच खरें.

उलट उन्हाळ्यांत नदी आटून तिच्या जागीं डोहांची एक माळ तेवढी राहते. त्या डोहांत मासे दाटीनें जमतात. भोई, कोळी, ठाकर, कातकरी ह्या लोकांना प्रत्येक डोहाचें नांव, खोली व खडक ठाऊक असत. ही विद्या कोणीं लिहून ठेविली नाहीं. मात्र आपल्या लोकांनीं माशाचा विचारच केला नव्हता असें समजणें चुकीचें होईल. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत जो 'मानसोल्लास' ग्रंथ रचला त्यांत राजाच्या करमणुकींच्या प्रकरणांत 'मत्स्यविनोद' म्हणून एक स्वतंत्र भाग आहे, आणि त्यांत माशांच्या जाती, त्यांचें खाद्य, काठी, दोरी व गळ ह्यांचें वर्णन आहे. मासा धरण्यापूर्वीं त्यास ठराविक जागीं खाऊं घालून संवय लावावी ही युक्तिहि तेथें आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा ह्यांनीं १९५१ सालीं ह्या प्रकरणाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. जवळजवळ नऊशें वर्षांपूर्वींच्या राजाला मासे कोठें सांपडतात ह्याची चिंता होती, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत अजून आलेली नाहीं.

डोहांतल्या ह्या दाटीला दुसरेंहि एक उत्तर समाजानें दिलें होतें, आणि तें धर्माचें. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूस उगम पावते आणि मावळांतून वाहत देहू व आळंदी ह्या क्षेत्रांवरून पुढें जाते. ज्या देहूच्या डोहांत तुकोबांच्या वह्या बुडविल्या व त्या तरल्या अशी कथा आहे, त्या डोहांतले मासे धरूं नयेत असा निर्बंध लोकांनीं आपला आपण पाळला. यात्रेकरूंनीं टाकलेले चुरमुरे व कणकेच्या गोळ्या खाऊन तेथें मोठमोठे मासे माणसाला न भितां वर येत असत. कोंकणांत महाडजवळ वाळणकोंडास वरदायिनी देवीच्या डोहांत अशीच खुद्रीची वस्ती देवीची म्हणून राखलेली आहे. कायदा करून, पहारेकरी ठेवून जें साधत नाहीं तें ह्या श्रद्धेनें काहीं ठिकाणीं साधलें. अर्थात् श्रद्धा गळापासून राखते. वरच्या अंगाहून येणाऱ्या सांडपाण्यापासून राखूं शकत नाहीं. इंद्रायणीच्या पाण्याची अलीकडची स्थिति देहू-आळंदीच्या वारकऱ्यांस सांगावयास नको.

आतां त्या नांवाची गोष्ट. १८२४ सालीं एल्फिन्स्टनच्या मुंबई सरकारनें विल्यम हेन्री साइक्स ह्या लष्करी अधिकाऱ्याची दख्खनची सर्व प्रकारची माहिती व आंकडे गोळा करण्याच्या कामावर नेमणूक केली. पेशवाई जाऊन सहाच वर्षें झालीं होतीं. नव्या राज्यकर्त्याला मुलखांत किती गांवें, किती नांगर, काय पीक, हें हवें होतें. साइक्सनें तें तर केलेंच, पण त्याबरोबर पशु, पक्षी आणि मासेहि टिपले. विलायतेस परत गेल्यावर त्यानें दख्खनच्या माशांवरचा आपला निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रमंडळापुढें १८३८ सालीं वाचला, आणि तो चित्रांसह १८४१ सालीं त्या मंडळाच्या ग्रंथमालेंत आला.

साइक्सच्या ह्या निबंधांत एक गोष्ट अशी आहे कीं तिच्याबद्दल मराठी वाचकानें त्याचे आभार मानावेत. त्या काळीं नव्या प्राण्याला नांव देतांना एखाद्या लॉर्डाचें किंवा मित्राचें नांव देण्याची रीत होती. साइक्सनेंहि तसें कांहीं ठिकाणीं केलें. परंतु पुष्कळशा माशांना त्यानें नदीकांठीं जो शब्द ऐकला तोच दिला. मुळा-मुठेत पुण्याच्या पूर्वेस मिळालेल्या ह्या माशास त्यानें 'बार्बस खुद्री' म्हटलें. शिंगटीवरून 'सींगटी', मळ्यावरून 'मुल्या', तसेच 'कोलस', 'बोगुट' आणि नाकावर टेंगूळ असलेल्या माशाचा 'नुक्ता', हे सगळे आपल्याकडच्या बाजारांतले शब्द लॅटिन प्रत्ययांच्या शेजारीं बसून जगभर गेले आणि आजहि तेथेंच आहेत. उच्चार थोडे बिघडले. कानानें ऐकून इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या शब्दाचें तसें होणारच. आतां आपल्याकडे ह्याच माशाला खडशी म्हणतात. ज्या भोयानें तो शब्द साहेबाला सांगितला त्याचें नांव मात्र कोठेंहि नाहीं.

पुढें फ्रान्सिस डे ह्यानें १८७५ ते १८७८ ह्या काळांत हिंदुस्थानच्या माशांवर आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांत निरनिराळ्या महसीरांना एकाच जातींत कोंबलें. खुद्री हें नांव त्या गर्दींत नाहीसें झालें. साइक्सचे मासे खरोखर वेगळे होते कीं नाहीं हा प्रश्न पुन्हां उकरून काढून होरा ह्यांनीं १९४३ सालीं त्यांची ओळख ठरविली. म्हणजे शंभर वर्षांत ह्या माशाला नांव मिळालें, तें गेलें, आणि परत मिळालें. शास्त्रांतले हे वाद कोरडे वाटतात खरे. परंतु नांव गेलें कीं वस्तु गेली तरी कोणाच्या लक्षांत येत नाहीं, हें ह्या कथेच्या शेवटीं कावेरीवर दिसून येईल.

ह्या शतकभरांत इंग्रज शिकारी स्वस्थ नव्हते. मद्रासकडील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस ह्याचें 'द रॉड इन इंडिया' हें पुस्तक १८७३ सालीं निघालें, आणि झुंज देण्यांत महसीर हा विलायती सामनाहून सरस आहे असा अभिप्राय त्यानें दिला. त्यानंतर महसीरावर पुस्तकांची एक ओळच लागली. त्यांतलें बहुतेक लिखाण शौकाचें आहे. किती पौंडांचा मासा, किती वेळ झुंजला, दोरी तुटली कीं राहिली. तरीहि मासा खडकामागच्या शांत पाण्यांत उभा राहतो, दोन प्रवाहांच्या संगमावर टपतो, पाणी गढूळ झालें कीं खाणें सोडतो, अशीं निरीक्षणें त्यांत विखुरलेलीं आहेत, आणि तीं आपल्या भोयांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक असलेल्या गोष्टींशीं जुळतात.

येथपर्यंतची कथा वाहत्या नदीची. विसाव्या शतकानें मावळांत नदीच्या जागीं तळें आणलें. पहिलें पाणी रेल्वेनें अडविलें. भुशीचा तलाव तिच्या वाफेच्या इंजिनांसाठीं होता. पण तें किरकोळ. खरा बदल टाटांच्या वीजयोजनेनें झाला. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस धरून ठेवून तो कोंकणांत खालीं सोडावा आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालवाव्यात ही कल्पना जमशेटजींच्या हयातींतली. ते १९०४ सालीं वारले, आणि तिला रूप त्यांच्या मागें आलें. ८ फेब्रुवारी १९११ रोजीं गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांच्या हस्ते लोणावळ्यास कोनशिला बसली. लोणावळा, वळवण व शिरोता हीं तळीं तयार झालीं, नळांतून पाणी सतराशें फुटांहून अधिक खालीं खोपोलीस उतरलें, आणि १९१५ सालीं मुंबईला वीज मिळाली. ह्या बांधकामाचा भूगोल फार विलक्षण आहे. जें पाणी इंद्रायणी, भीमा, कृष्णा ह्या वाटेनें बंगालच्या उपसागरास जावयाचें तें वळून पाताळगंगेच्या वाटेनें अरबी समुद्रास जाऊं लागलें. वाचकांनीं क्षणभर माशाच्या बाजूनें हें पाहावें: त्याची नदी खालच्या अंगाला भिंतीनें बंद झाली आणि पाणी वाहूं लागलें तें डोंगराच्या पलीकडे.

पुढें १९२२ सालीं आंध्रा नदीवरचें ठोकरवाडीचें धरण पुरें होऊन भिवपुरीचें वीजघर सुरू झालें, आणि नीला-मुळेच्या खोऱ्यांत मुळशीचें धरण होऊन १९२७ सालीं भिऱ्याचें. मुळशीचा प्रसंग महाराष्ट्रास ठाऊक आहे. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, तेथील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट ह्यांस 'सेनापति' ही पदवी लोकांनीं दिली ती ह्याच लढ्यांत. तीन वर्षें तो चालला आणि १९२४ पर्यंत मोडला गेला. जमिनींपैकीं पुष्कळशा पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या, आणि सावकारांस जमिनीपेक्षां नुकसानभरपाईची रक्कम सोयीची वाटली. कुळांची फळी तेथेंच फुटली. ज्या भातखाचरांत वळगणीचे मासे चढत तीं खाचरें, तीं खाचरें कसणारीं घरें आणि मासे धरण्याची त्यांची विद्या ही सर्व एकाच पाण्याखालीं गेलीं. विजेचा उपयोग मुंबईला झाला हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. ह्या लेखाचा वाचकहि त्या मुंबईंत किंवा तिच्याच पैशावर वाढलेल्या पुण्यांत राहतो. परंतु हिशेबाच्या वहींत खर्चाची बाजू कोणाच्या नांवें पडली तें स्पष्ट आहे.

आतां नव्या तळ्यांत जुना मासा कोठें शोधावयाचा? भरलेलें वळवणचें तळें वरून पाहणाऱ्याला सगळें सारखेंच दिसतें. मे महिन्यांत तेथें गेलें म्हणजे भेद कळतो. वीज करण्यासाठीं पाणी उपसलें जाऊन तें पार खालीं उतरलेलें असतें. कांठावर तांबड्या मातीच्या पायऱ्या उघड्या पडतात, आणि त्या उतारांच्या मधोमध जुन्या ओढ्याची घळ वांकणें घेत जातांना दिसते. मुळशीकडे तर अशा वेळीं बुडालेल्या वस्तीचीं जोतीं व देवळांचे अवशेष वर येतात. ज्यानें उन्हाळ्यांत ही घळ नीट पाहून ठेविली त्याला पावसाळ्यानंतर भरल्या पाण्यांतहि मासा कोठें असेल ह्याची अटकळ बांधतां येते. खोल पाण्याचा आसरा, जुन्या पात्राचे खडक, आणि ओढ्यांचीं मुखें, हीं तीन ठिकाणें तो सोडीत नाहीं. आषाढांत नवें पाणी आलें कीं तळ्याच्या शेंपटाकडे, जेथें ओढा येऊन मिळतो तेथें, मोठ्या माद्या जमूं लागतात. त्यांच्या दृष्टीनें तें अजून नदीचेंच मुख आहे.

ह्या एका गोष्टीवरून खुद्रीचें पुढचें नशीब ठरलें. मुंबई राज्याच्या व नंतर महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्यांत अधिकारपद भूषविलेले डॉ. चिं. वि. कुलकर्णी हे मुळांत उत्तम संशोधक. १९४० सालींच त्यांनीं कोंकण किनाऱ्याच्या खाड्यांतील एका इवल्याशा माशाचें वर्णन करून त्यास होरा ह्यांच्या नांवावरून होराइक्थिस असें नांव दिलें होतें. १९७०च्या सुमारास टाटा वीज कंपन्यांनीं वळवण येथें मत्स्यबीज केंद्र उभारलें, आणि तेथें कुलकर्णी व त्यांचे सहकारी शशांक ओगले ह्यांनीं खुद्रीकडे लक्ष वळविलें. तोंवर महसीर कमी होत चालल्याची ओरड सर्वत्र होती. परंतु त्याचीं अंडीं कशीं असतात, किती दिवसांत फुटतात, हेंच नीटसें लिहिलेलें नव्हतें. ओढ्यांच्या मुखाशीं पावसाळ्यांत जमलेल्या पक्व माद्या व नर जाळ्यांनीं धरावयाचे, मादीच्या पोटावर हलका दाब देऊन अंडीं भांड्यांत घ्यावयाचीं, त्यावर नराचें वीर्य मिसळावयाचें, आणि तीं अंडीं वाहत्या पाण्याच्या उथळ तबकांत ठेवावयाचीं, अशी त्यांची रीत. अंडें पिवळसर, ज्वारीच्या दाण्याहून लहान, आणि तळाशीं बसणारें. सुमारें तीन दिवसांत पिलूं बाहेर येतें, आणि पुढचे कांहीं दिवस तें अंगावरचा बलक संपेपर्यंत कोपऱ्यांत पडून राहतें. रोहू-कटल्याच्या मादीला लाखांनीं अंडीं होतात. खुद्रीचीं त्यांच्या मानानें फारच थोडीं. म्हणून एकेक अंडें मोलाचें. कुलकर्णींचा ह्या विषयावरचा निबंध १९७१ सालीं मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या पत्रिकेंत आला.

त्यांच्या एका शोधाचें मला विशेष कौतुक वाटतें. जिवंत मासे दूर पाठवावयाचे म्हणजे पाण्यानें भरलेले डबे, बर्फ, प्राणवायु, आणि तरीहि निम्मे मेलेले. कुलकर्णी व ओगले ह्यांनीं असें दाखविलें कीं खुद्रीचीं फळलेलीं अंडीं नुसत्या ओलसर कापसाच्या थरांत ठेवून विमानानें पाठवितां येतात; पाणी लागतच नाहीं. १९७९ सालीं तें प्रसिद्ध झालें. ज्या माशाला वाहत्या पाण्यावांचून चालत नाहीं त्याचें अंडें ओल्या कापसांत कांहीं दिवस काढतें, ही गोष्ट नदीच्या कांठीं कोणास सुचली नसती.

ओल्या कापसानें खुद्रीला पंख फुटले. वळवणचीं पिलें व अंडीं देशांतल्या निरनिराळ्या तळ्यांत व नद्यांत गेलीं. उलट बाजूनें हिमालयांतला सोनेरी महसीरहि वळवणला आणून वाढविण्यांत आला. त्या काळच्या विचारानें ह्यांत कांहीं वावगें नव्हतें. महसीर दुर्मिळ होतो आहे, तो कोठेंहि वाढला तरी चांगलेंच, अशी समजूत होती. खुद्री, सोनेरी, तांबडा, कुबड्या हीं एकाच घरचीं भावंडें, मग कोणाच्या नदींत कोण राहिला तर काय बिघडलें?

बिघडलें तें कावेरींत. कावेरीच्या महसीराला खांद्यावर कुबड असतें. तो पन्नास किलोंच्या वर वाढतो, आणि टॉमसच्या पिढीपासून शिकाऱ्यांनीं ज्याच्या गोष्टी लिहिल्या तो बहुतांशीं हाच. १९७०च्या दशकापासून कावेरींत खुद्रीचीं पिलें सोडण्यांत आलीं. हेतु शुद्ध होता, मासे वाढावेत. तेथील शिकारी धरलेला मासा मोजून परत सोडीत आणि नोंद ठेवीत. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या ह्या नोंदी तपासून २०१५ सालीं संशोधकांनीं प्रसिद्ध केलें कीं निळ्या पराचा खुद्री सारखा वाढत गेला आणि कुबड्या जवळजवळ दिसेनासा झाला. त्याहून शोचनीय भाग असा कीं ह्या जगप्रसिद्ध माशाला तोंवर निश्चित शास्त्रीय नांवच नव्हतें. केरळांतील पांबार नदींतून २००७ सालीं टॉर रेमादेवी ह्या नांवानें वर्णिलेली जात तीच ही, हें २०१८ सालीं ठरलें. आणि त्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघानें तिची गणना नाश पावण्याच्या अगदीं कडेवर असलेल्या जातींत केली. त्याच संघानें पूर्वीं संकटांत असलेल्यांत धरलेला खुद्री मात्र २०१८ सालींच चिंतेचें फारसें कारण नसलेल्यांच्या यादींत गेला.

ह्या दोन निकालांकडे एकत्र पाहिलें पाहिजे. वळवणचें काम खोटें होतें असें कोणी म्हणूं नये. धरणानें ज्याची वाट बंद केली त्या माशाचें बियाणें धरण बांधणाऱ्यांनींच जपलें, आणि तें पन्नास वर्षें चिकाटीनें जपलें. आपल्या देशांत एवढी चिकाटी दुर्मिळ आहे. दोष असेल तर तो मासा आणि नदी ह्यांची फारकत करण्याच्या विचाराचा आहे. साइक्सनें माशाचें नांव लिहितांना तो कोणत्या नदींत, कोणत्या गांवापाशीं मिळाला हें टिपून ठेविलें होतें. पुढच्यांनीं नांव घेतलें आणि नदी सोडली. खुद्री मुळा-मुठेचा, इंद्रायणीचा, घोडनदीचा. कावेरींत तो पाहुणा म्हणून गेला आणि घरधनी होऊन बसला. महाराष्ट्रांतल्या धरणांत आपण गंगेचे रोहू-कटले सोडले, आफ्रिकेंतला तिलापिया १९५२ सालीं ह्या देशांत आणला, तेव्हां हीच चूक उलट दिशेनें केली.

पुण्याच्या नद्यांतल्या माशांच्या याद्या साइक्सनंतरहि होत गेल्या. फ्रेझरची १९४२ सालीं झाली, सुटरची पुरवणी १९४४ सालीं, तोनापी व मुल्हेरकर ह्यांची १९६३ सालीं, आणि वाघ व घाटे ह्यांची २००३ सालीं. ह्या याद्या शेजारीं शेजारीं ठेवून वाचण्यासारख्या आहेत. शेवटच्या यादींत पूर्वीं सांपडलेल्या कित्येक जाती पुण्याच्या आसपास सांपडल्या नाहींत असें नमूद आहे, आणि साइक्सला ठाऊक नसलेलीं परदेशी नांवें तिच्यांत आलीं आहेत. तिलापिया आहे, डासांच्या अळ्या खाण्यासाठीं आणलेले गप्पी व गंबुशिया आहेत. ह्या नव्या माशांना शोधण्याचें कौशल्य लागत नाहीं. संगमाच्या पुलावरून खालीं पाहिलें तरी काळ्या पाण्यांत ते दिसतात. खुद्री पाहावयाचा असेल तर आषाढांत लोणावळ्याच्या वर, जेथें ओढा तळ्यास मिळतो तेथें, जावें लागतें.